दुभाष्याला सांगितलेला पत्ता

जबाब देणाराचे नाव ठाण्याच्या नोंदवहीत घेतले आहे. वय चोपन्न वर्षे. धंदा कोर्टातला दुभाषी, नेमणूक यादीवरची, गेली एकोणीस वर्षे. राहणार कालव्याच्या कडेची तीन मजली इमारत, मधला मजला, जिन्याच्या डाव्या हाताची दोन खोल्यांची जागा.

मी आज ठाण्यात स्वतःहून हजर होऊन, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, लिहवून देतो ते येणेप्रमाणे.

माझी पत्नी, वय एक्केचाळीस, घरी शिवणकाम करते. ती नदीच्या वरच्या अंगाची. तिकडची भाषा वेगळी आहे. माझी आई तिकडचीच, त्यामुळे ती भाषा मला पाळण्यापासून येते आणि इथली शाळेपासून. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. पत्नीला इथली भाषा येत नाही. अकरा वर्षांत कशी आली नाही, असे तपास करणाऱ्या मॅडमनी विचारले. त्यावर सांगतो की, शिकू नको असे मी तिला कधीही म्हटलेले नाही. मी "मी आहे ना" असे म्हणत आलो.

ज्या सोमवारी ती घरातून गेली त्या सकाळी कालव्यावर दाट धुके होते. मी सव्वानऊला कोर्टात जायला निघालो. ती खिडकीशी उभी राहून वर छताकडे पाहत होती. ऊन असले की कालव्याच्या पाण्यावरचा उजेड आमच्या छतावर हलत राहतो, आणि तो बघत बसायची तिला सवय आहे. काय बघतेस म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "आज आला नाही." मी "येईल" म्हटले आणि जिना उतरलो. आमच्यात तेवढेच बोलणे झाले. भांडण झाले नव्हते, हे मी पहिल्या तक्रारीतही सांगितले आहे. आमच्या घरी भांडण होण्याइतके बोलणे होत नसे.

सायंकाळी पावणेसहाला परत आलो तेव्हा दार ओढून घेतलेले होते, कुलूप नव्हते. आत सगळे जागच्या जागी होते. शिवायला घेतलेला कोट पूर्ण करून, घडी घालून ठेवला होता. तिची पिशवी नव्हती. पत्र्याचा डबा टेबलावर उघडा होता आणि रिकामा होता. लेखनिकांनी या ठिकाणी "पत्नी पळून गेली" असे लिहिले होते, ते मी "निघून गेली" असे करून घेतले आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो मला पोटापाण्यापुरता तरी कळतो.

डब्याविषयी विचारल्यावरून सांगतो की, त्यात चिठ्ठ्या असत. तिला एकटीला बाहेर जावे लागले की मी इथल्या भाषेत चिठ्ठी लिहून देत असे. ती दुकानदारापुढे धरायची. काम झाले की ती चिठ्ठी टाकून न देता परत आणायची आणि डब्यात ठेवायची. "काळी बटणे, चार भोकांची, एक डझन." "माझा दात दुखतो, वरचा, उजवीकडचा." "कापड पावसात भिजले आहे, सावलीत वाळवावे." अशा शंभर-सव्वाशे चिठ्ठ्या जमल्या असतील. ती नातलगांची पत्रेसुद्धा इतकी जपत नसे. मी तिला यावरून चिडवायचो की, माझ्यामागे तुला पुस्तकच काढता येईल. ती हसायची नाही, डब्याचे झाकण लावायची.

मी मंगळवारी सकाळी तक्रार दिली. त्यानंतरच्या दोन दिवसांच्या वेळा आणि ठिकाणे मला क्रमाने सांगता येत नाहीत, आणि माझ्या धंद्याच्या माणसाला ही लाजेची गोष्ट आहे. मी चालत होतो एवढे खरे. धुके दुपारपर्यंत उठत नव्हते. रस्ते ओळखीचे होते, पण घरे एकमेकांपासून दूर सरकल्यासारखी वाटत. कापडबाजारातल्या एका आरशात मला ती दिसली आणि मागे वळलो तर तिथे शिंप्याचा पुतळा होता, तिच्याच उंचीचा. मी कानावर पडेल ते तिच्या भाषेत मोठ्याने सांगत चाललो होतो हे मला फार उशिरा लक्षात आले. फळवाला काय ओरडतो, बसच्या कर्ण्यातून काय पुकारतात, दोन बाया कोणाला नावे ठेवतात, सगळे. ती माझ्या डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे चालते. मी त्या बाजूला तोंड करून बोलत होतो. लोक बघत होते. एका म्हाताऱ्याने मला हाताला धरून बाकावर बसवले आणि "पाणी हवं का?" म्हणून विचारले. तेही मी तिला सांगितले.

तळमजल्यावर इस्त्रीचे दुकान आहे. तिथल्या बाईंना मी पत्नीबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "आम्हाला काय ठाऊक असणार? त्यांना आमचं येणं-जाणं आवडत नाही ना. सुरुवातीला मी किती बोलावलं होतं. दुपारी खाली येत जा म्हटलं, मी एकटीच असते, माझ्या मशीनवर शिवा, गप्पा नाही तर नाही. तुमच्यासमोरच बोलले होते की." मला ते आठवले. बाई दारात उभ्या राहून बराच वेळ बोलल्या होत्या. पत्नीने काय म्हणतात म्हणून विचारल्यावर मी "विचारपूस करतायत" एवढे सांगितले. पत्नीनेही तेव्हा बरेच काही म्हटले होते, की मला दुपार खायला उठते, मी यांच्याकडे जाऊन बसू का, यांना काय आवडतं ते विचारा. त्याचे मी बाईंना "आभारी आहे म्हणते" असे केले.

मॅडमनी विचारले की, हे मुद्दाम केले का. त्यावर सांगतो की, नाही. मी कोर्टात शब्द न् शब्द सांगतो. एका साक्षीदाराने भर कोर्टात न्यायाधीशांना बैलोबा म्हटले होते, ते मी आवाज न चढवता, न पाडता, तसेच्या तसे सांगितले होते. न्यायाधीश चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. कोणी शिंकले तरी दुभाषीबुवा ती शिंक भाषांतर करून देतील, असे तिथले कारकून म्हणतात. पण दिवसभर दुसऱ्यांचे बोलणे वाहून घरी आलो की माझी जीभ जड होई. घरी मी थोडक्यात सांगत असे. पाच वाक्यांचे एक करायचो. त्यात वाईट हेतू नव्हता, फक्त दमणूक होती. अकरा वर्षे तिच्यापर्यंत जग थोडक्यात पोचत होते, हे मला इस्त्रीच्या दुकानासमोर उभे असताना कळले. आत कपड्यांची वाफ होती आणि बाई त्या वाफेतून माझ्याकडे पाहत होत्या. मला रडू आले.

गुरुवारी बसच्या कंडक्टरने ठाण्यात एक चिठ्ठी आणून दिली. तीवर लिहिले आहे: "मला शेवटच्या थांब्यावर उतरवा. परत कसे यायचे ते मला माहीत आहे." अक्षर माझे आहे. ही चिठ्ठी मी दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या बसने डोळ्यांच्या दवाखान्यात जाण्यासाठी लिहून दिली होती. या कंडक्टरच्या बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे जलाशय आहे, वस्ती नाही. त्यामुळे चिठ्ठी देऊन मीच तिला तिकडे पाठवले असावे, हा ठाण्याचा संशय मला मान्य नसला तरी समजतो. शुक्रवारी गळ टाकून पाणी शोधले तेव्हा मी काठावर हजर होतो. पाणी इतके स्थिर होते की होडी आभाळातून चालल्यासारखी दिसे. गळाला काही लागले नाही. लागले नाही तेव्हा मी गवतात खाली बसलो.

शनिवारी माझा धाकटा मेहुणा आला. त्यालाही इथली भाषा येत नाही. ठाण्यात त्याची भाषा जाणणारे कोणी नव्हते. तो मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात टेकून बोलू लागला.

मॅडमनी विचारले, "काय म्हणतायत हे?"

मी सांगितले, "म्हणतायत, यानेच माझ्या बहिणीला पाण्यात ढकललंय."

"आणि हे तुम्हीच मला सांगताय?"

"दुसरं कोणी नाहीये, मॅडम."

मेहुणा माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, तुम्ही बरोबर सांगताय का या बाईला?" तेही मी मॅडमना सांगितले. लेखनिक हसले. मेहुणा पुढे म्हणाला की, हा माणूस गोड बोलतो आणि अर्धं पोटात ठेवतो, ताई मला नेहमी सांगायची. हे वाक्य इथल्या भाषेत आणायला मला थोडा वेळ लागला. पण आणले. त्या दिवशीच्या कागदावर ते आहे, माझ्याच तोंडचे, माझ्याविरुद्धचे. खाली दुभाषी म्हणून माझीच सही आहे.

आता बुधवारचे सांगतो, म्हणजे ती गेल्यापासून दहाव्या दिवसाचे.

अकरा वाजून दहा मिनिटांनी भाषा कक्षातून मला घरी फोन आला. ज्या कोर्टात दुभाषी नसतो तिथे हा कक्ष फोनवरून दुभाषी जोडून देतो. कक्षातल्या बाई म्हणाल्या, "दुभाषीबुवा, वेळ आहे का? बाहेरच्या एका कोर्टात एक बाई आल्यात, तुमच्याच भाषेच्या. दुभाषी हवा असं कार्ड पुढे केलंय आणि मुकाट बसल्यात." ते कार्ड दोन्ही भाषांत छापलेले असते. त्यावरचा मजकूर मी केलेला आहे, आणि त्याची चळत माझ्या कोटाच्या खिशात कायम असते.

नियमाप्रमाणे दुभाष्याने आधी नाव विचारायचे, आणि माणूस नात्यातला निघाला तर काम सोडायचे. मी नाव विचारले. त्यांनी माझ्या पत्नीचे माहेरचे नाव सांगितले. ते नाव मी अकरा वर्षांत उच्चारले नव्हते. जिवंत आहे, एवढे एकच मला काही वेळ कळत होते. नंतर मी विचारले, "दुसरं कोणी नाही का?" या भाषेच्या यादीवर दोनच माणसे आहेत, एक मी आणि दुसऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई. कक्षातल्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे कामावर नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर अर्ज घेता येणार नाही. तीन आठवड्यांनी या, असं सांगावं लागेल. आणि घर सोडून आलेल्या बाईची अर्ज झाल्याशिवाय राहायची सोय होत नाही हो."

मी "जोडा" म्हटले.

मी नवरा आहे हे मी सांगितले नाही. ही माझी चूक आहे आणि तिची जी शिक्षा असेल ती मी घेईन. तिला तीन आठवडे उघड्यावर थांबावे लागू नये, हे एक कारण होते. मला तिचा आवाज ऐकायचा होता, हे दुसरे. यातले पहिले कारण मोठे होते, असे शपथेवर सांगता येणार नाही.

त्या वेळी ऊन पडले होते आणि छतावर उजेड हलत होता. फोनमध्ये आधी कोर्टाच्या खोलीची गाज आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. तिथल्या कारकुनाने पहिले तीन प्रश्न विचारले. ते सगळ्यांना सारखे असतात आणि अर्जात धरले जात नाहीत, म्हणून सांगता येतात. दुभाष्याचा आवाज ऐकू येतो का? भाषा समजते का? या दुभाष्याबद्दल काही हरकत आहे का? मी ते तिच्या भाषेत विचारले. माझा आवाज ऐकून तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. पहिल्या दोन प्रश्नांना ती लगेच हो म्हणाली. तिसऱ्यानंतर ती सव्वीस सेकंद बोलली नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो आणि काटा पाण्याखालून चालल्यासारखा दिसत होता. मग ती म्हणाली, "नाही." मी इथल्या भाषेत "नाही" म्हटले.

पुढची चाळीस मिनिटे ती जे बोलली ते मी सांगणार नाही. कानावर पडलेले खोलीबाहेर न्यायचे नाही, अशी दुभाष्याची शपथ असते. मी काय केले ते सांगतो. दुभाष्याने समोरच्याच्या तोंडून बोलायचे असते. बाई "मी" म्हणाल्या की आपणही "मी" म्हणायचे, "माझा नवरा" म्हणाल्या की आपणही "माझा नवरा". तसे मी बोललो. ती लहान वाक्ये करून थांबत होती, मला जागा देत होती. तिची इतकी सारी वाक्ये मी सलग कधी ऐकली नव्हती. तिला एवढे सुरेख बोलता येते हे मला माहीत नव्हते, किंवा मी विसरलो होतो. एका ठिकाणी कारकुनाने विचारले, "दुभाषी, थांबायचंय का जरा?" मी तो प्रश्नही तिला सांगितला. आम्ही दोघांनीही नको म्हटले.

शेवटी कारकुनाने तिला आजपासून जिथे राहायचे त्या जागेचा पत्ता सांगितला आणि तो मी तिला तिच्या भाषेत सांगितला. रस्ता, खूण, दाराचा रंग, कोणाला भेटायचे, सगळे. तो मला पाठ आहे. त्यानंतर त्या पत्त्याबाबत एक सूचना झाली, तीही मी दोन्ही बाजूंना पोचवली. कोणती सूचना, असे मॅडमनी विचारले. त्यावर सांगतो की, ती मी आत्ता पाळतो आहे, आणि पाळताना मॅडमना दिसतेच आहे.

सगळे झाल्यावर कारकुनाने नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला की, दुभाष्याने तुमचे बोलणे पूर्ण सांगितले असे वाटते का. तिचे उत्तर माझ्या कामाबद्दल होते, अर्जाबद्दल नव्हते, म्हणून ते सांगतो. ती म्हणाली, "आज काही गाळलं नाही." मी तेवढेच सांगितले. कारकुनाने विचारले, "आज म्हणजे?" ती म्हणाली, "काही नाही." मीही "काही नाही" म्हटले आणि फोन तुटला.

गुरुवारी मी ठाण्यात येऊन तक्रार मागे घ्यायची म्हणालो. मॅडमनी विचारले, "सापडल्या का?" मी हो म्हटले. "कुठे आहेत?" मी म्हटले, "ते सांगता येत नाही." त्यावर मॅडमनी पेन खाली ठेवले. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेताय, कळतंय का? बायको नाहीशी, चिठ्ठी तुमच्या अक्षरातली, मेहुणा खुनी म्हणतोय, आणि तुम्ही म्हणता शोधू नका." मी म्हटले, "कळतंय." तेव्हापासून काल सायंकाळपर्यंत मला ठाण्यात बसवून ठेवले होते. मारहाण झाली नाही. चहा दोनदा मिळाला. दुपारी बाकावर डोळा लागला तेव्हा मला स्वप्नात कोर्टाची काचेची खोली दिसली. आत पत्नी कानाला यंत्र लावून बसली होती आणि माझेच बोलणे मला तिच्या आवाजात, अर्धे वाक्य उशिरा, ऐकू येत होते. ती काही गाळत नव्हती. त्यामुळे ते ऐकायला फार लाज वाटत होती.

आज हा जबाब देण्याचे कारण सांगतो.

आमच्या घरात शिवणाचे मशीन मधल्या दाराच्या वाटेत उभे आहे. सहा वर्षे झाली. पूर्वी ते खिडकीशी होते. येता-जाता त्याचा कोपरा नडगीला लागतो, माझी नडगी कायम काळीनिळी असते. मी कितीदा म्हटले की, खिडकीशी सरकवू, तुला उजेडही येईल. ती "हात लावायचा नाही" म्हणायची. मी याला हट्ट समजत आलो. ती ते तिथून का हलू देत नव्हती हे मला बुधवारी अकरा चाळीसच्या सुमारास कळले. कोणाकडून कळले ते सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी तिला पाचवा महिना होता. एका दुपारी तिने ते मशीन एकटीने खिडकीपासून दारापर्यंत ओढले, कारण खिडकीशी पाळणा ठेवायचा होता. दुसऱ्या दिवशी पोटात दुखू लागले. इस्पितळात नेले. मूल राहिले नाही. तिथल्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्या स्टूल ओढून तिच्या पलंगाशी बसल्या. जड काही उचलले का, असे त्यांनी विचारले. मी तिला विचारले. काल मशीन सरकवले, असे ती म्हणाली आणि मी ते डॉक्टरबाईंना सांगितले. त्यावर डॉक्टरबाई तिचा हात हातात घेऊन पाच-सात मिनिटे बोलल्या. त्या तिच्याकडे बघत बोलत होत्या आणि पत्नी माझ्याकडे बघत होती.

कोर्टात मी परक्यांची मरणे सांगितली आहेत आणि आवाज हलू दिलेला नाही. त्या पलंगाशी मला एक शब्द सांगता आला नाही. तेवढ्यात कागदावर सही करायला मला बोलावले. परत आलो तेव्हा डॉक्टरबाई गेल्या होत्या. पत्नीने विचारले, "काय म्हणाल्या?" मी म्हटले, "दोन दिवस आराम कर म्हणतात. घरी जाऊ." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटले, "एवढंच."

बाकीचे घरी गेल्यावर सांगीन असे मनात होते. त्या आठवड्यात सांगवले नाही. मग जितके दिवस जातील तितके, आधी का नाही सांगितलेस, याचे उत्तरही द्यावे लागणार होते. पुढे मी समजूत करून घेतली की, ती विसरली असेल. सहा वर्षे ती त्या मशीनला वळसा घालून चालत होती आणि तिच्या मनात काय होते हे मी एकदाही विचारले नाही. ज्याच्याजवळ उत्तर होते तो तिच्या शेजारी झोपत होता.

बुधवारी फोनवर मला हे तिला सांगता आले असते. तोंडाशी आले होते. पण दुभाष्याने स्वतःचे एक अक्षर घालायचे नसते, आणि ती माझ्याकडे दुभाषी म्हणून आली होती. मी घातले नाही.

माझी विनंती अशी की, मॅडमनी भाषा कक्षामार्फत त्या कोर्टाला विचारावे. पत्नीची इच्छा असेल तर स्वतः एकटीने जाऊन तिला भेटावे आणि ती खुशाल आहे याची खात्री करावी. एवढे सांगण्यातही माझी शपथ थोडी मोडली आहे, पण पाण्यात गळ टाकणे थांबायला हवे. मेहुण्यालाही दुसऱ्या कोणीतरी सांगावे, माझ्या तोंडून त्याला पटणार नाही. पत्ता मी कोणाला सांगणार नाही आणि त्या गावी जाणार नाही. मशीन मी हलवलेले नाही. ते तिने ठरवायचे.

आणि खालचा मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. शिक्षिकाबाईंचे डोळे बरे होईपर्यंत थांबावे लागले तरी चालेल. दुभाषी मी नसावा. डॉक्टरबाईंचे बोलणे मला सगळे पाठ आहे, धंदाच तो आहे. ते असे:

"बाई, मशीन सरकवल्यामुळे हे झालेलं नाही. जड उचलल्यामुळे नाही, जास्त चालल्यामुळे नाही, रडल्यामुळे नाही. बाळाची वाढ आधीच थांबली होती, दोन आठवडे तरी झाले असतील. काल तुम्ही दिवसभर अंथरुणात पडून राहिला असतात तरी आज हेच झालं असतं. तुम्ही पाळण्यासाठी जागा करत होतात, ते चांगलंच करत होतात. ते आठवून स्वतःला बोल लावू नका. मी तीस वर्षं हे काम करते आहे, आणि प्रत्येकीला हे सांगते, आणि प्रत्येकीला वाटतं की मी समजूत घालते आहे. म्हणून मी हे दोनदा सांगते. तुमची काहीही चूक नाही. तुमची काहीही चूक नाही."

वरील जबाब लेखनिकांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटचे वाक्य नजरचुकीने दोनदा आले असे समजून त्यांनी ते एकदाच लिहिले होते. ते माझ्यासमोर दोनदा करून घेतले आहे. आता बरोबर आहे.